वरून कीर्तन, आतून भुसा : मॉड्युलर किचनवाल्यांना खुले पत्र

श्रीयुत मॉड्युलर महाशय यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मागच्या भेटीत तुमचा लॅमिनेटचा कॅटलॉग आमच्याकडे राहून गेला आहे. रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकून पाहिला, साडेतीन किलो भरला. तळहाताएवढे शेकडो तुकडे, प्रत्येकाचं बारसं वेगळं. त्यातल्या करड्या रंगाच्या अकरा तुकड्यांमधला फरक आमच्या घरात अजून कुणाला सांगता आलेला नाही. अशी मौल्यवान वस्तू दुसऱ्याची ठेवून घेणं बरं नव्हे, म्हणून हे पत्र. आणि ते खुलं अशासाठी, की तुमच्या शोरूमच्या नंबरावर आजवर पाठवलेल्या निरोपांना दोन निळ्या खुणांपलीकडे काही उत्तर आलं नाही.

आपली ओळख तशी जुनी. २०१५ साली गणपती उठले आणि दिवाळीच्या आत स्वयंपाकघर नवं करायचं, असं आमच्या डोंबिवलीच्या घरात ठरलं. शोरूममध्ये शिरलो तेव्हा तुम्ही चकचकीत वाइन रंगाच्या शटरवर बोटाच्या पेरांनी टकटक केलीत आणि म्हणालात, "मॅडम, शंभर टक्के वॉटरप्रूफ. डोळे झाकून घ्या." आम्ही तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. अक्षरशः डोळे झाकून घेतलं. रंग ठरवायला मला पंचावन्न मिनिटं लागली, हँडल निवडायला ह्यांना वीस. त्या रंगामागचा डबा कशाचा आहे, हे विचारायला दोघांपैकी कुणाला एक मिनिट सापडलं नाही.

मग तुम्ही खिशातून लोहचुंबक काढलंत आणि ट्रॉलीच्या जाळीला लावलंत. ते चिकटलं नाही. "बघा, ३०४ ग्रेड!" जादूगाराने टोपीतून ससा काढावा तसे आम्ही भारावलो. २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं? ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महागड्या निकेलला कात्री लावून मँगनीज वाढवलेलं असतं. ज्या ट्रॉलीत मिठाची बरणी, तिथे तिसऱ्या पावसाळ्यात तांबूस ठिपके उमटले. चुंबकाला जे कळलं नव्हतं, ते मिठाला बरोबर कळलं.

आता डब्याची गोष्ट. तुमच्या बिलात त्याला 'इंजिनिअर्ड बोर्ड' म्हटलं होतं. आमच्या सोसायटीत काम करणारे सुतारकाका त्याला एकाच शब्दात 'भुसा' म्हणतात. कागदोपत्री नाव पार्टिकल बोर्ड. लाकडाच्या बारीक ढलप्या आणि चुरा युरिया फॉर्मल्डिहाइडच्या राळेत कालवायचा, तापवून दाबायचा आणि वरून गुळगुळीत कागदी पापुद्रा चढवायचा. या बोर्डाशी माझं काही वैर नाही. कोरड्या जागी तो इमानाने राहतो. आमच्या बेडरूममधलं पुस्तकांचं कपाट त्याचंच आहे आणि ठणठणीत आहे. पण त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे कडेने शिरणारं पाणी. दुसरी, त्याच भोकात पुन्हा पुन्हा पिळलेला स्क्रू. पाणी लागलं की आतला चुरा फुगतो, दमटपणाने ती राळ हळूहळू सुटते, आणि एकदा फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्वीच्या जाडीवर येत नाही. भिजलेल्या पोह्यांचे पुन्हा कच्चे पोहे करून दाखवा, मग मी तुमच्या वॉटरप्रूफवर विश्वास ठेवते.

आणि हा पाण्याला घाबरणारा जीव तुम्ही कुठे नेऊन बसवलात? सिंकखाली! वर, पाइप जाण्यासाठी त्याला वाटीएवढं भोक पाडलंत आणि त्या भोकाची कड तशीच उघडी सोडलीत. तिथे सिलिकॉनची एक नळी फिरवली असती तर दोनशे रुपये गेले असते. अडीच लाखांच्या कामात तेवढी उधळपट्टी तुम्हाला परवडली नसावी.

तुमची दहा वर्षांची वॉरंटी मी जपून ठेवली आहे. तिच्यात बिजागऱ्या आहेत, चॅनेल आहेत, हँडलसुद्धा आहे. सातव्या ओळीत बारीक टायपात असंही आहे की, 'पाण्याच्या संपर्काने झालेले नुकसान यात समाविष्ट नाही.' स्वयंपाकघराची वॉरंटी, पण पाणी सोडून! छत्रीवाल्याने उद्या पावसाळा वगळून हमी दिली तर ती तुमच्याकडूनच शिकला असं मी समजेन.

असो. जुनं उगाळत नाही. मुद्द्याचा अपराध त्यानंतरचा आहे.

नऊ वर्षांनी, २०२४ च्या पावसाळ्यात, सिंकखालचा डबा बसला. तळ फुगून पुरणपोळीसारखा झाला, शटरची बिजागरी भुश्यातून निखळली आणि एके सकाळी शटर माझ्या हातात आलं. तुम्हाला फोन केला. तुम्ही स्वतः आलात, याचं कौतुक. हातात टॅब, सोबत लेझरने मापं घेणारा मुलगा. भिंतीवर लाल ठिपका नाचला, तुमच्या बोटांनी पडद्यावर काहीतरी केलं आणि अकराव्या मिनिटाला निकाल आला, "मॅडम, नऊ वर्षं झाली. किचनची लाइफ संपली. सगळं काढून टाका." टॅबवर आमचंच स्वयंपाकघर, पण त्यात एकही भांडं नव्हतं, मिक्सर नव्हता, दुधाचं पातेलं नव्हतं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या जागी डोंगर होते. सासूबाई म्हणाल्या, "छान आहे हो. कुणाचं घर आहे?"

आकडा होता चार लाख पंच्याऐंशी हजार. त्यावर १८ टक्के जीएसटीचे सत्त्याऐंशी हजार तीनशे. एकूण ५,७२,३००. त्यात 'प्लॅटफॉर्म तोडणे व डेब्रिज' अशी एक ओळ होती. ओटा का तोडायचा, हे विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "जुने डबे काढायचे तर ग्रॅनाइट उचलावंच लागतं."

महाशय, जिथे ग्रॅनाइट थेट डब्यांवर टेकलेलं असतं, तिथे तुमचं म्हणणं खरं आहे. डबा हलवला की दगड उचलावा लागतो, उचलताना तो तडकू शकतो, मग दगड नवा, मागची टाइल नवी, नळ नवे, पाइप गॅसची नळी हलवायची तर गॅस कंपनीच्या माणसाची वाट बघा, आणि तोवर महिना-दीड महिना डबा लावून जेवा. पण आमचा ओटा बिल्डरने कडप्प्याच्या उभ्या फरशांवर टेकवलेला आहे. मराठी घरांत ओटे पिढ्यान्‌पिढ्या असेच बांधले जातात. खाली कडप्प्याचे पाय, वर दगड, मधल्या खणांत ट्रॉल्या. तुमचे डबे त्या खणांत नुसते सरकवलेले आहेत. चार स्क्रू काढले की ड्रॉवरसारखे बाहेर येतात. हे पाहायला एकदा वाकून दोन शटरं उघडावी लागतात. लेझरला वाकता येत नाही, हे मान्य. पण तुम्हाला?

आम्ही "विचार करून सांगतो" म्हणालो. मराठीत याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला चांगलं ठाऊक, त्यामुळे चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. आवाजात मध होता. "मॅडम, एवढं नको असेल तर आपण रीफेसिंग करू. डबे आहेत तेच ठेवू. फक्त शटर बदलू, वरून नवा लूक. तीन दिवसांत काम. एक लाख साठ हजार, सगळं मिळून."

मी फोन कानाला धरून खाली बसले. चार दिवसांपूर्वी ज्या डब्यांवर तुम्ही मृत्यूचा दाखला फाडला होता, ते सगळेच्या सगळे उठून बसले होते. सिंकखालचासुद्धा! ज्याचा तळ चमच्याने उकरता येतो, त्याला तुम्ही नवं शटर घालून बोहल्यावर चढवायला निघाला होतात. त्या चार दिवसांत आमच्या लाकडात फरक पडलेला नव्हता. तुमच्या अंदाजातला आमचा खिसा तेवढा आखूड झाला होता.

इथे तुमचा खरा गुन्हा माझ्या लक्षात आला. पूर्ण बदलणं वाईट नाही आणि नुसता चेहरा बदलणंही वाईट नाही. दोन्ही चांगली औषधं आहेत. पण दोन्ही वेळा तुम्ही नाडी न बघता चिठ्ठी लिहिलीत. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण ऐकली होती. तुम्ही आधी अख्खा गोठा पाडायला निघालात, तो जमला नाही तेव्हा म्हशीच्या शिंगांना रंग द्यायला तयार झालात. इंजेक्शन कुठेच नाही.

मग आम्ही सुतारकाकांना बोलावलं. त्यांच्याकडे टॅब नव्हता. टॉर्च, टोच्या, पेचकस आणि गुडघ्याखाली घ्यायला एक जुनी गोणी एवढंच होतं. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "भांडी काढून ठेवता का बाहेर?" तुमच्या भेटीत किंवा फोनवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तासाभरात आमच्या स्वयंपाकघराच्या पोटातलं सगळं हॉलमध्ये आलं आणि माझ्या लग्नातला हरवलेला साणशीचा जोडही सापडला.

मग ते एकेका डब्यासमोर बसले. तळाच्या कोपऱ्यांत टोच्या दाबून पाहिला. घट्ट बोर्डात तो अडतो, कुजलेल्यात लोण्यासारखा शिरतो. बिजागरीचा एक स्क्रू काढून परत पिळून पाहिला. पकडला तर डबा शाबूत, गरगर फिरला तर गेला. मागच्या फळीला नाक लावून कुबट वास येतो का पाहिलं. कोपऱ्यांत वाळवीच्या मातीच्या रेघा शोधल्या. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरकी मापं घेतली. ती सारखी भरली तर डबा काटकोनात आहे, नाहीतर नवं शटर कितीही महागाचं लावा, तोंड वाकडंच राहणार. खाली सात डबे, वर सहा. निकाल लागला : तेरापैकी तीन गेले. सिंकखालचा, त्याच्या शेजारचा, आणि कोपऱ्यातला. पाणी स्कर्टिंगच्या मागून गुपचूप तिथपर्यंत गेलं होतं. बाकीचे दहा कोरडे आणि ठणठणीत.

काकांचा हिशेब साधा होता. डबे कोरडे आणि काटकोनात असतील, स्क्रू धरत असतील आणि मांडणी तुम्हाला सोयीची असेल, तर शटर बदलून भागतं. निम्म्याहून जास्त डबे गेले असतील, वाळवी शिरली असेल किंवा मांडणीच चुकलेली असेल, तर पूर्ण काढा आणि मागे वळून बघू नका. मधलं असेल तर मधलं करा. जेवढं कुजलं तेवढं बदला. "पण आधी नळाचं बघा," ते म्हणाले. "गळती तशीच ठेवून सोन्याचा डबा बसवला तरी तो गंजेल." सोनं गंजत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. मुद्दा पोचला होता.

मांडणी चुकली आहे का, हा प्रश्न मात्र मला आवडला, कारण तो आजवर कुणी विचारलाच नव्हता. २०१५ साली तुम्ही 'वर्क ट्रँगल' समजावला होतात : सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण. आमचं स्वयंपाकघर आठ बाय सात. त्यात त्रिकोण कसला, बिंदूच आहे. जागच्या जागी वळलं की तिन्ही गोष्टी हाताशी येतात. लहान स्वयंपाकघर ही कमीपणाची गोष्ट नाही, हेही मला उशिरा कळलं. ज्यांच्या नावाने आज जगभर 'फिटेड किचन'ची कुळकथा सांगतात, त्या मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या सरकारी घरांसाठी स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. बाईंनी काम करणाऱ्या बाईची पावलं मोजली, वेळ मोजला, आणि पिठाचे खण मुद्दाम ओकच्या लाकडाचे करायला सांगितले, कारण त्यात किडे शिरायला कचरतात. सुरुवात आतून केली होती हो त्यांनी! खणात काय ठेवणार, ते कशाने खराब होणार, हे आधी. मापं तुम्ही त्यांच्याकडून घेतलीत, पिठाची काळजी तिथेच ठेवून आलात.

आमची मांडणी तपासली सासूबाईंनी. वय ब्याऐंशी, पंचावन्न वर्षांचा ओट्याचा अनुभव. त्यांनी दोनच तक्रारी नोंदवल्या. वरच्या माळ्यावरचं काही त्यांना दिसत नाही, आणि 'बॉटल पुलआउट' नावाच्या त्या अरुंद ट्रॉलीत तेलाची बरणी मावत नाही. पहिल्या तक्रारीला इलाज नव्हता, दुसरीचा इलाज म्हणजे बरणी बदलणं. म्हणजे मांडणी शाबूत. पाच लाख बहात्तर हजारांतलं जे एकमेव खरं समर्थन होऊ शकलं असतं, ते सासूबाईंनी एका मिनिटात निकालात काढलं.

मग त्या मला बाल्कनीत घेऊन गेल्या. तिथे त्यांचं जाळीचं कपाट आहे. सागवानी, दोन दारांचं. पूर्वी त्यात दूधदुभतं, लोणी, उरलेली भाजी असायची. आता कांदेबटाटे आणि गणपतीची आरास आहे. त्याचे चारही पाय मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याने भरलेल्या दगडी वाट्यांत ठेवलेले असत. "चाळीस वर्षं पाण्यात उभं होतं हे," सासूबाई म्हणाल्या, "तरी कुजलं नाही. आणि तुझं ते थेंबाथेंबाने गेलं!" त्या कपाटाची जाळी तीनदा बदलली आहे. आधी लोखंडी होती, ती गंजली. मग पितळी आली. आता स्टीलची आहे. रंग किती वेळा दिला, याची गणती नाही. चौकट मात्र तीच. तुम्ही ज्याला रीफेसिंग म्हणून एक लाख साठ हजार रुपये सांगता, ते आमच्या घरात ज्येष्ठातल्या एका रविवारी सासरे पंचा नेसून करायचे. त्याला नाव नव्हतं. 'जाळी बदलायला झाली' एवढंच म्हणायचे. आणि जाळी बदलायला झाली म्हणून कपाट टाकावं, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दहा चांगले डबे वाचवावेत असं वाटण्याला आणखी एक कारण होतं. डबा काढला की तो जातो कुठे? सागवानाची फळी सुतार मागून नेतो. भुश्याचा बोर्ड भंगारवाला उंबऱ्यावरूनच परत करतो. राळ आणि लॅमिनेट असल्यामुळे तो चुलीत घालण्याच्याही लायकीचा नसतो. सरळ डम्पिंग ग्राउंड. उलट नवा बोर्ड घरात आला की तो 'नव्याचा वास' येतो, ज्याचं तुम्ही शोरूममध्ये कौतुक करता. त्यात त्या राळेतलं फॉर्मल्डिहाइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २००४ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घाबरवत नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या की हा वास महिन्यांगणिक उतरत जातो. पण आमच्या दहा डब्यांचा तो नऊ वर्षांपूर्वीच उतरलेला होता. तो पुन्हा विकत कशाला घ्यायचा?

तर काय केलं ते सांगते, म्हणजे पुढच्या गिऱ्हाईकाला सांगायला तुम्हाला बरं पडेल.

आधी प्लंबर. सिंकखालचा बॉटल ट्रॅप आणि वॉशर बदलला. मग तीन नवे डबे, ७१० च्या प्लायचे. हा आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायचा नंबर. तो फिनॉल फॉर्मल्डिहाइडच्या राळेने चिकटवतात आणि चाचणीत बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवतात. घरगुती प्लायचा नंबर ३०३, तुमच्या भुश्याचा ३०८७. हे आकडे मी आता पाढ्यांसारखे म्हणू शकते. काकांनी मला वखारीत नेलं आणि शीटवरचा शिक्का लॅमिनेट चढण्याआधी दाखवला. "एकदा सनमाइका बसली की सगळेच गोरे," ते म्हणाले. पाइपच्या भोकाची कड आणि डब्याच्या सगळ्या कडा सिलिकॉनने बंद केल्या. होय, तीच दोनशे रुपयांची नळी.

उरलेल्या दहा डब्यांना नवी शटरं. जुन्या शटरांवरच नवं लॅमिनेट चिकटवा, पैसे वाचतील, असं मी सुचवून पाहिलं. काकांनी मान हलवली. जुना गुळगुळीत पृष्ठभाग पॉलिशपेपरने खरवडल्याशिवाय गोंद धरत नाही. एकाच बाजूला लॅमिनेट लावलं तर शटर पापडासारखं वाकतं, म्हणून मागेही लावावं लागतं. मग वजन वाढतं, ते जुन्या बिजागऱ्यांना पेलत नाही. शेगडीशेजारच्या दोन शटरांची पीव्हीसीची साल तर उष्णतेने आधीच सुटली होती. तेव्हा शटरं नवीच केली. बिजागऱ्याही नव्या, पण त्यांचे स्क्रू जुन्या भोकांत पिळले नाहीत. काकांनी बोटभर खाली नवी जागा धरली. रंग मी सात मिनिटांत ठरवला. साधा मळकट पांढरा, हळदीचा डाग दिसेल असा. डाग दिसला की पुसला जातो. वाइन रंगात नऊ वर्षं काय काय लपलं होतं, ते साफसफाईत पाहिलं आहे.

हिशेब : तीन डबे ३३,०००. शटरं, लॅमिनेट, एजबँड आणि मजुरी ७४,०००. बिजागऱ्या, चॅनेल आणि मिठाच्या ट्रॉलीची नवी जाळी १९,०००. प्लंबर २,६००. एकूण १,२८,६००. तुमच्या 'नव्या लूक'पेक्षा एकतीस हजारांनी कमी, आणि त्यात कुजलेलं काही झाकलेलं नाही. या यादीतली सगळ्यात लहान रक्कम बघा. रोग तेवढाच होता. बाकी सगळं त्याचं उशिराचं व्याज.

आता हे पत्र इथे संपवलं तर मी सुटले. तेवढी सोय मी स्वतःला देणार नाही.

तुमच्यावर मी वाकून न बघण्याचा आरोप केला. पण मी? सिंकखाली पहिला थेंब मला २०२२ च्या जूनमध्ये दिसला होता. मी काय केलं? एक जुनी आइस्क्रीमची बादली तिथे ठेवली आणि शटर बंद केलं. शटर चकचकीत होतं. बादली बाहेरून दिसत नव्हती. भरली की ओतायची, परत ठेवायची, परत शटर बंद. पाहुणे आले, "किती छान ठेवलंयस गं किचन" म्हणाले, आणि मी त्या शटरला टेकून हसले. दोन वर्षं! प्लंबरचे २,६०० तेव्हा बहुधा दोनशे झाले असते. तुम्ही मला चेहरा विकलात हे खरं, पण गिऱ्हाईक म्हणून मी चेहराच मागितला होता. पंचावन्न मिनिटं मागितला होता. तुमच्या शोरूममध्ये आत बघणारं गिऱ्हाईक रोज एक जरी आलं, तरी तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात गुडघ्याखाली घ्यायला गोणी आणाल, याची मला खात्री आहे.

सुतारकाका आता दर सहा महिन्यांनी येतात. चहा घेतात, टॉर्च लावतात, टोच्या दाबतात, "ठीक आहे" म्हणतात. मधल्या काळात दर रविवारी ते काम मी करते. गुडघे दुखतात, पण गोणी आहे.

तेव्हा राग नसावा. नवं स्वयंपाकघर ज्याला खरंच हवं आहे, त्याला जरूर विका. ज्याला शटरंच हवीत, त्याला शटरं द्या. दोघांनाही आधी भांडी बाहेर काढायला सांगा, एवढीच विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाइन रंगाची माजी गिऱ्हाईक

ता. क. कॅटलॉग लवकर घेऊन जावा. दार उघडं असतं, मी घरी नसले तरी सासूबाई असतात. मात्र तो त्यांच्या हातून उचलवणार नाही, तुम्हालाच घ्यावा लागेल. सिंकखाली ठेवला आहे, अगदी मागे, पाइपच्या शेजारी. कोरडा आहे.